हजेरीत एक कमी

मी, प्रभुदास तुळशीराम सोनटक्के, वय चौऱ्याहत्तर, धर्म ख्रिस्ती, संरक्षण खात्याच्या फॅक्टरीतून निवृत्त झालेला फिटर, राहणार चेरीताल, जबलपूर, माझ्यामागे माझ्या वस्तूंचं आणि माझ्या काही गोष्टींचं काय व्हावं, हे स्वतःच्या हाताने या कागदावर लिहून ठेवत आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे. डावा गुडघा नाही, तो जूनमध्ये बदलला. पण वकीलबाई म्हणाल्या, कायदा गुडघ्याचं विचारत नाही. मला कोणी धाक दाखवलेला नाही, फूस लावलेली नाही, आणि चहा सोडला तर मी कोणत्याही नशेत नाही. यापूर्वी मृत्युपत्र केलेलं नाही. मी सत्तावीस वर्षं आमच्या चर्चचा सेक्रेटरी होतो, मला मरायचा विचार करायलाही वेळ नव्हता.

वकीलबाई म्हणजे अ‍ॅडव्होकेट हेमलता. त्यांचं म्हणणं होतं की हिंदीत लिहा, अंकल, कोर्टात सोपं जाईल. मी म्हटलं, फॅक्टरी हिंदीत केली, चर्च हिंदीत केलं, हा एक कागद घरच्या भाषेत राहू द्या. हिंदी तर्जुमा त्या जोडणार आहेत. मृत्युपत्र छोटं असावं असंही त्या म्हणाल्या. ते मात्र जमणार नाही.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे माझा सूर कडू लागला तर वाचणाऱ्याला कारण कळेल. मी थकलो आहे. आणि मरायच्या आधी मला एकदा डोळे मिटून देवाशी बोलायचं आहे, आणि ते मला जमून नाही राहिलं. घरदार, पासबुकं, अवजारं यांची व्यवस्था कोणीही लावेल. हे मात्र माझं मलाच निस्तरायचं आहे, आणि हा कागद मी खरं तर त्यापायीच लिहायला घेतला.

कलम १. चेरीतालचं घर, खाली दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि वरची एक खोली, हे माझ्या कमाईचं आहे. ते पूर्णपणे माझी मुलगी प्रणोती हिचं होईल. ती रेल्वेच्या ऑफिसात आहे, माझ्याजवळच राहते, माझी औषधं आणि माझी कटकट दोन्ही सांभाळते. माझा मुलगा ललित रायपूरला आहे, त्याचं तिथे स्वतःचं घर आहे. मी त्याला फोनवर विचारलं तेव्हा तो दोनदा "ठीक है बाबा" म्हणाला. दोनातून एकदा तरी मनापासून म्हणाला असेल.

पुढच्या खोलीत चर्चच्या तीस घडीच्या खुर्च्या, चार सतरंज्या, माइकचा डबा आणि नाताळचा बांबूचा तारा एकोणीस वर्षांपासून ठेवलेला आहे. चर्चमध्ये जागा नव्हती, मी म्हटलं होतं, महिनाभर माझ्याकडे ठेवा. माझी बायको विनता हिला त्या खोलीत कधी पाय पसरून बसता आलं नाही. माझ्या मरणानंतर आठ दिवसांच्या आत कमिटीने हे सगळं सामान उचलावं. नवव्या दिवशी प्रणोतीने ते गेटबाहेर ठेवलं तर तिला कोणी बोल लावू नये.

दाराजवळच्या भिंतीत एक खिळा आहे आणि त्याला ॲल्युमिनियमचा डबा टांगलेला आहे. तो माझ्या बाबांचा, तुळशीराम यांचा. ते वर्ध्याकडून येऊन याच फॅक्टरीत मजूर म्हणून लागले. त्यांनी धर्म बदलला, नाव बदललं नाही. म्हणायचे, देवाला माझं जुनं नाव पाठ आहे. सकाळी सायकलला डबा अडकवताना ते मोठ्याने म्हणत, "देवबापा, निघालो मी. घरावर ध्यान ठेव." संध्याकाळी डबा त्या खिळ्याला टांगला की म्हणत, "देवबापा, आलो मी." याहून लांब प्रार्थना मी त्यांच्या तोंडून ऐकली नाही. मी पुढे कमिटीत गेलो, भाषणं करायला शिकलो, तेव्हा मला त्यांची थोडी लाजच वाटायची. घराला रंग लावताना तो खिळा काढू नये.

कलम २. बँकेतली आणि पोस्टातली शिल्लक ललित आणि प्रणोती यांनी निम्मी निम्मी घ्यावी. पासबुकं लोखंडी कपाटात, वरच्या कप्प्यात आहेत. यावर जास्त लिहिण्यासारखं काही नाही.

कलम ३. अवजारांची पेटी घमापुरातल्या लेथवाल्या बंडूला द्यावी. माझ्या पान्यांचा निम्मा संच तो गेल्या काही वर्षांत नेऊन बसलाच आहे, "चाचा, कल देता हूँ" असं म्हणून. उरलेला निम्मा त्याला दिला की संच एका जागी येईल. कानशी तेल लावून ठेवल्या आहेत, त्या त्याने ओल्या हाताने धरू नयेत.

व्हर्निअर कॅलिपर मात्र पेटीतून काढून माझी नात सलोनी हिला द्यावा. ती रायपूरला इंजिनीअरिंग शिकते. तिला मराठी समजते, वाचता येत नाही, तेव्हा हा भाग ललितने तिला वाचून दाखवावा. बेटा, या व्हर्निअरवर मी चौतीस वर्षं मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागापर्यंत मोजलं. माझ्या हातचा पार्ट इन्स्पेक्शनमधून परत आला असं वर्षातून एकदाही झालं नाही. तुझ्या आजोबाला मोजण्याचा फार गर्व होता. ही गोष्ट ध्यानात ठेव, कारण कलम पाचमध्ये तो कसा उतरला ते लिहिलं आहे.

कलम ४. चर्चच्या मागच्या भिंतीवर, व्यासपीठाच्या बरोबर समोर, जे गोल घड्याळ आहे ते चर्चचं नाही. ते मी माझ्या पैशाने आणून लावलं. ते उतरवून ललितला द्यावं, त्याला सगळीकडे उशिरा पोचायची सवय आहे.

ते घड्याळ तिथे काहून लागलं, हेही सांगतो. आमच्याकडे उपासनेत एक लांब प्रार्थना असते, सगळ्यांसाठी मागायची. ती बहुतेक डोमाजी शेंडे करत. डोमाजी फॅक्टरीत पेंट शॉपला होते, माझ्याहून दोन वर्षांनी मोठे. ते डोळे मिटून उभे राहिले की कोणाच्या मुलाची परीक्षा, कोणाची बदली, कोणाच्या नळाला पाणी येत नाही, कोणाची म्हैस आटली, सगळं नावानिशी सांगत. अकरा अकरा मिनिटं. कधी मध्येच रडत. मला सूचना वाचायच्या असत, पाहुण्यांच्या चहाचं बघायचं असे, आणि हा माणूस म्हशीवर. २००९ साली मी कमिटीत ठराव आणला की सदर प्रार्थना चार मिनिटांपेक्षा जास्त नसावी. ठराव एकमताने पास झाला. पुढच्याच शनिवारी घड्याळ लावलं.

त्या दिवसापासून डोमाजी प्रार्थना करताना मधून मधून डोळे उघडून घड्याळाकडे बघू लागले. ते मी बघितलं, आणि मला बरं वाटलं.

आमची बोलचाल त्यानंतर कामापुरतीच राहिली. आता त्यांना मी या मृत्युपत्राचा साक्षीदार केलं आहे, आणि ते मुद्दाम. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही दिलं तर ते देणं कायद्याने रद्द होते, असं वकीलबाई म्हणाल्या. म्हणून मी ठरवलं, डोमाजी साक्षीदार. हे मी या महिन्याच्या दोन तारखेला ठरवलं होतं. मजकूर खोडत नाही, कारण तेव्हा तसंच वाटत होतं.

कलम ५. उपस्थितीबद्दल.

दर रविवारी किती लोक आले, हे हजेरीच्या रजिस्टरमध्ये लिहावं लागते. वर्षाच्या शेवटी त्याची सरासरी वरच्या ऑफिसला जाते. १९९८ साली मी सेक्रेटरी झालो तेव्हा आधीच्या सेक्रेटरींनी मला तरकीब सांगितली. गाण्याच्या वेळी लोक उठबस करतात, संदेशाच्या वेळी पोरं बाहेर पळतात. लांब प्रार्थनेत सगळे डोळे मिटून गप राहतात, तेव्हा मोजायचं. मी मागच्या दाराजवळ उभा राहून, बाकांच्या रांगा धरून, डावीकडून उजवीकडे मोजायचो. एका प्रार्थनेत दोनदा मोजून ताळा घ्यायचो. सत्तावीस वर्षं. म्हणजे सत्तावीस वर्षं, सगळी मंडळी प्रार्थना करत असताना, माझे डोळे उघडे होते. त्याचं मला कधी काही वाटलं नाही. कोणीतरी मोजायलाच पाहिजे.

यंदा जूनमध्ये गुडघ्याचं ऑपरेशन झालं. जुलैच्या शेवटी मी वॉकर घेऊन चर्चला गेलो आणि मागच्या बाकावर बसलो. मोजणीचं काम तेव्हा प्रणोती करत होती. घरी येऊन जेवायला बसलो तर ती म्हणाली, आज त्रेसष्ट. मी सवयीने बसल्या बसल्या मोजलं होतं, माझे बासष्ट भरले होते. मी म्हटलं, तुझं चुकलं. ती म्हणाली, नाही चुकलं. वरण थंड होऊ दिलं आम्ही, पण दोघांनी एक एक बाक घेऊन माणसं नावानिशी लावली. सगळी जुळली. शेवटच्या बाकावर आलो तेव्हा ती थांबली.

"आणि तुम्ही?"

मी म्हटलं, मी तर मोजणारा.

ती म्हणाली, "आज तर मी मोजणारी होती, आणि मी मला धरलं. तुम्ही कधीच धरत नव्हते का स्वतःला?" मग म्हणाली, "पण तुम्ही होते न तिथं, बाबा?"

मी ताट सरकवून उठलो. तिला वाटलं, मला चूक दाखवल्याचा राग आला. पन्नासावा भाग मोजणारा माणूस, चौदाशे रविवार, दर रविवारी एकाने चुकला होता, त्याची लाज वाटलीच. पण मी उठलो ते त्यापायी नाही. तिच्या प्रश्नाला मला "हो" म्हणता येईना. मी तिथे खुर्च्या मांडायला होतो, माइक जोडायला होतो, किल्ल्या सांभाळायला होतो. चाळीस जणांच्या सहलीची बस ठरवायला मी होतो. प्रार्थनेला मी नव्हतो. रजिस्टरमध्ये जे लिहिलं ते बरोबरच लिहिलं गेलं होतं.

लहानपणी असं नव्हतं. मी सोळा वर्षांचा असताना नर्मदेच्या घाटावर एकटा जाऊन बसायचो आणि तासभर देवाशी बडबड करायचो, मित्राशी करावी तशी. कोणी शिकवलं नव्हतं. ते कधी सुटलं मला आठवत नाही. भांडण झालं नाही, श्रद्धा उडाली असंही नाही. त्याचंच काम करता करता त्याच्याशी बोलायचं राहून गेलं.

कलम ६. विनताचे मंगळसूत्र आणि पाटल्या प्रणोतीच्या, तिच्या साड्यांतल्या दोन ललितच्या बायकोने निवडून घ्याव्या.

विनता फेब्रुवारी २०२२ मध्ये गेली. दवाखान्याने आता घरीच न्या म्हणून सांगितलं होतं. तिने म्हटलं, माझ्यासाठी प्रार्थना करा. मी लगेच कामाला लागलो. चौदा घरी फोन केले, शनिवारी दुपारी चार वाजता प्रार्थनासभा ठेवली, तीन वाजता पुढच्या खोलीतल्या खुर्च्या मांडायला घेतल्या. ती आतून खुर्च्यांचा आवाज ऐकत होती. तिने हाक मारली.

"काहून पळून राहिले तुम्ही? राहू द्या खुर्च्या. इथं बसा, आणि तुम्ही बोला त्याच्याशी. माझ्यासमोर."

मी बसलो. तिचा हात हातात घेतला. तोंड उघडलं आणि जे बाहेर आलं ते असं: हे प्रभू, आजच्या या सभेसाठी आम्ही तुझे आभारी आहोत, तसेच उपस्थित सर्वांचे. विनता एवढ्या दुखण्यातही हसली. म्हणाली, "उपस्थित कोण? आपण दोघंच त आहो." मी पण हसलो. मग म्हटलं, चहाच्या कपांचं बघून येतो, आणि उठलो. मी त्या खोलीतून पळालो. हे मी आजवर कोणाला सांगितलं नाही.

चार वाजता लोक आले. डोमाजी सरळ तिच्याजवळ जाऊन बसले आणि प्रार्थना करू लागले. घरात ठराव लागू नव्हता. त्यांनी तिच्या तरुणपणापासून सुरुवात केली, तिच्या हातच्या करंज्यांचे आभार मानले, तिच्या पायांच्या दुखण्याचं सांगितलं, आणि रडले. मी दारात उभा होतो. मी हातावरच्या घड्याळात बघितलं, अकरा मिनिटं झाली होती. ते संपायच्या आधी विनताला झोप लागली. तीन दिवसांपासून ती झोपली नव्हती. बुधवारी ती गेली.

मला डोमाजींचा राग येतो तो ठरावापासूनचा आहे, असं मी सगळ्यांना भासवलं. तो खरा त्या शनिवारचा आहे. माझ्या बायकोला जे माझ्याकडून पाहिजे होतं, ते त्यांनी दिलं.

कलम ७. हजेरीची सगळी रजिस्टरं, शिक्का आणि किल्ल्यांचा जुडगा लोखंडी कपाटाच्या खालच्या कप्प्यात आहे. हे सामान चर्चचं आहे, ते पाळकसाहेबांच्या हाती द्यावं. प्रणोतीच्या हाती देऊ नये.

कारण असं की ऑक्टोबरच्या कमिटीत मी पद सोडलं तेव्हा सगळे म्हणाले, दीदी करेल, घरचंच काम आहे. प्रणोती हो म्हणून बसली. त्यानंतरच्या रविवारी प्रार्थना चालू असताना मी तिच्याकडे बघितलं. दाराजवळ, बरोबर माझ्या जागी, ती उभी होती. ओठ हलून राहिले होते आणि बोट पर्सवर टकटक करत होतं. ही पोरगी आईच्या मांडीवर बसून देवाला माझी तक्रार सांगायची. घरी आल्यावर मी तिला म्हटलं, तू हे काम घेऊ नको. ती म्हणाली, कोणीतरी तर करावंच लागते न, बाबा. ते माझंच वाक्य होतं.

मृत्युपत्राने मुलीला बांधता येत नाही, हे मला वकीलबाईंनी बजावलं आहे. तेव्हा ही अट नाही, बापाची विनवणी आहे. प्रणोती, सेक्रेटरी व्हायचं तर हो. पण प्रार्थनेत मोजू नको. सूचना चालू असताना मोज. तेव्हा लोक हलतात, आकडा दोन-चारने चुकेल. चुकू दे. हे तुला तुझा फिटर बाप सांगून राहिला आहे.

कलम ८. माझा अंत्यविधी. पेटी साधी असावी. माझ्या सेवेचा अहवाल कोणी वाचू नये, तो मला पाठ आहे. पुढच्या खोलीतल्या खुर्च्या मांडू नयेत, लोकांनी उभं राहावं. त्या प्रार्थनेत कोणीही, कोणत्याही कारणासाठी, हजर माणसं मोजू नयेत.

प्रार्थना श्री. डोमाजी शेंडे यांनी करावी. त्यांना वेळेची मर्यादा नाही. साक्षीदाराला हे देता येते का, म्हणून मी वकीलबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या की ही मालमत्ता नाही, तेव्हा कायद्याची अडचण नाही. २००९ चा ठराव रद्द करावा, अशी कमिटीला माझी शेवटची लेखी विनंती आहे. तो ठराव मी आणला तो सोयीसाठी नाही, जळफळाटाने. डोमाजींनी मला क्षमा करावी.

मृत्युपत्राची अंमलबजावणी प्रणोती करेल.

पुरवणी. वरचा मजकूर शनिवारी लिहून झाला होता. सह्या मंगळवारी ठरल्या होत्या. मध्ये रविवार आला, १६ नोव्हेंबरचा, त्याबद्दल लिहिल्याशिवाय सही करता येत नाही.

जुलैपासून मी रोज सकाळी खुर्चीवर बसून प्रयत्न करत होतो. डोळे मिटले की बाकांच्या रांगा दिसायच्या आणि मोजणी सुरू व्हायची, नाहीतर इतिवृत्ताची भाषा तोंडात यायची. रविवारी मी चर्चमध्ये मागच्या बाकावर बसलो. लांब प्रार्थना सुरू झाली. प्रणोतीने दाराजवळ उभं राहायचं होतं, पण मला वॉकर सोडून बाकावर बसताना त्रास झालेला दिसला म्हणून ती येऊन माझ्याजवळ बसली आणि तिने माझा हात धरला. माझे डोळे उघडेच होते. सवयीने मी मोजायला घेतलं. पण नेहमीसारखं डावीकडून पहिल्या बाकापासून नाही. प्रणोतीचं बोलणं डोक्यात होतं म्हणून म्हणा, या वेळी मी माझ्यापासून सुरुवात केली. एक. आणि मग दोन म्हणायची इच्छाच झाली नाही. मी तिथेच थांबलो आणि डोळे मिटले. बाक दिसले नाहीत.

बोलायला शब्द शोधले, सापडले नाहीत. शेवटी बाबांचेच घेतले. देवबापा, आलो मी. एवढंच म्हणालो. मग मला रडू आलं आणि मी ते थांबवलं नाही. विनताची माफी मागितली. अजून काय काय बोललो ते या कागदावर लिहिण्यासारखं नाही.

आमेन झाल्यावर मी डोळे उघडले तेव्हा प्रणोतीचे डोळे मिटलेलेच होते. बाहेर आल्यावर मी विचारलं, आज किती होते. ती म्हणाली, "मोजायचं विसरली मी, बाबा." रजिस्टरमध्ये १६ नोव्हेंबरची जागा रिकामी आहे. ती कोणी भरू नये.

वरील सर्व मजकूर मी वाचला, तो माझाच आहे, आणि तो मला मान्य आहे म्हणून खाली सही करतो.

सही: प्रभुदास तुळशीराम सोनटक्के

आम्हा दोघांच्या समोर त्यांनी सही केली आणि त्यांच्यासमोर आम्ही केली.

साक्षीदार १: अ‍ॅड. हेमलता, जबलपूर
साक्षीदार २: डोमाजी शेंडे, गढा, जबलपूर

ठिकाण: चेरीताल, जबलपूर
दिनांक: १८ नोव्हेंबर २०२५, मंगळवार

साक्षीदार १ यांची नोंद: साक्षीदार २ यांनी कलम चार आणि आठ स्वतः वाचले. सही करण्याआधी त्यांनी मृत्युपत्र करणाऱ्याचा हात धरून प्रार्थना केली. किती वेळ, ते नोंदवलेले नाही.